शाळेचं संगीत नाटक : गाणं ट्रॅकवर की गळ्यात?

गडहिंग्लजमध्ये नाटकावर बोलायचं म्हणजे समोरच्या निम्म्या लोकांनी आपल्यापेक्षा जास्त नाटकं केलेली आहेत, हे धरून चालावं लागतं. त्यामुळं नाटक म्हणजे काय, इथपासून आम्ही सुरुवात करणार नाही. आजचा विषय लहान आहे. सातवी ते दहावीची मुलं, शाळेचा नाट्यगट, आणि त्यांनी करायचं गाण्यांचं नाटक. ते उभं कसं राहतं आणि फसतं कुठं, एवढंच.

फसतं कुठं ते आधी बघू. स्नेहसंमेलन जवळ येतं, किंवा बालनाट्य स्पर्धेचं पत्र येतं. संहिता ठरते, पात्रं ठरतात. गाण्यांची वेळ आली की कुणीतरी म्हणतं, “ट्रॅक करून आणूया की.” मग एखाद्या स्टुडिओत एक चांगली गाणारी मुलगी, कधी कधी तर मोठी बाई, सगळी गाणी गाऊन देते. पेनड्राइव्ह येतो. प्रयोगाच्या दिवशी मुलं त्यावर ओठ हलवतात, हातवारे करतात, पालक मोबाइल वर धरून बसतात आणि सगळं व्यवस्थित पार पडतं.

ट्रॅक आणणाऱ्या शिक्षकांना आम्ही नावं ठेवणार नाही. त्यांची बाजू खरी आहे. सभागृहावर पत्रा आहे, माइक दोन आहेत, त्यातला एक मुख्याध्यापकांच्या भाषणापुरता चालतो. पेटी वाजवणारे सर दुसऱ्या शाळेत बदलून गेलेत. आणि त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा वेगळाच आहे. ते म्हणतात, “ट्रॅक असला की बेसूर पोरालासुद्धा भूमिका देता येते. तुम्ही गळ्यातून गायला लावलंत की तीच चार-पाच गाणारी पोरं पुढं येणार, बाकीची झाडं आणि डोंगर होणार.”

हा मुद्दा बाजूला सारता येत नाही. त्याला उत्तर द्यायचं तर तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात काय चाललेलं असतं ते आधी समजून घ्यावं लागतं. आणि गंमत अशी, की हे मराठी रंगभूमीला शंभर वर्षांपूर्वी आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

आपलं संगीत नाटक सुरू झालं ते ३१ ऑक्टोबर १८८० ला, पुण्यात, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’नं. अण्णासाहेब मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. म्हणजे आपल्याच बाजूचे म्हणा. त्यांनी चाली घेतल्या त्या साकी, दिंडी, ओवी, कीर्तनातली पदं, आणि कानावर लहानपणापासून असलेल्या कानडी चाली, अशा ठिकाणांहून. प्रेक्षकाला चाल आधीच ओळखीची असायची. हे पुढं उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवा.

त्या काळात स्त्रिया रंगमंचावर नव्हत्या, त्यामुळं स्त्रीभूमिका मुलं करायची. नाटक मंडळ्यांची सगळी कमाई एखाद्या कोवळ्या आवाजाच्या पोरावर उभी असायची. कोल्हापूरचे केशवराव भोसले हे ठळक उदाहरण. जन्म १८९० चा. लहानपणीच ‘स्वदेशहितचिंतक’ मंडळीत गेले आणि पोरवयात ‘शारदा’ करून त्यांनी नाव मिळवलं. १९०८ मध्ये हुबळीला ‘ललितकलादर्श’ काढली तेव्हा त्यांचं वय अठराही पुरं नव्हतं. ज्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे ते ऑगस्ट २०२४ मध्ये, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळालं, तेव्हा इथूनही माणसं बघायला गेली होती. आपल्या मुलांना ती इमारत माहीत असते. ज्याचं नाव तिच्यावर आहे तो शाळेच्या वयातच रंगमंच गाजवणारा पोरगा होता, हे मात्र कुणी सांगत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या विषयाच्या अजून जवळचं. दामूअण्णा जोशी यांची ‘बालमोहन’ मंडळी. ही मुलांचीच संगीत नाटक कंपनी. सातारा जिल्ह्यातला सौदागर गोरे नावाचा मुलगा दहाएक वर्षांचा असताना तिच्यात आला आणि पुढं छोटा गंधर्व म्हणून ओळखला गेला. पण पोरं काही कायम पोरं राहत नाहीत. ती मोठी झाली, आणि १९३३ मध्ये याच बालमोहननं आचार्य अत्र्यांचं ‘साष्टांग नमस्कार’ केलं. मुलं वाढली तशी कंपनीची नाटकंही वाढली. शाळेला ही सोय नसते. दहावीची मुलं जूनमध्ये निघून जातात आणि शिक्षकाला पुन्हा सातवीपासून सुरुवात करावी लागते.

आता गळा. बारा ते पंधरा या वयात मुलाचं स्वरयंत्र झपाट्यानं वाढतं. आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही बदलतो, पण थोडा, दोन-तीन सुरांनी, त्यामुळं पटकन कळत नाही. हा बदल एका रात्रीत होत नाही. मधले काही महिने मुलाच्या हातात जेमतेम पाच-सहा सूर राहतात. वरचे गेलेले, खालचे अजून आलेले नाहीत. मध्येच आवाज फाटतो, वर्ग हसतो. आपण त्याला “बेसूर” म्हणतो, पण त्याला सूर कळत नाही असं नाही. कान शाबूत आहे, गळा ऐकत नाही इतकंच. त्याच पोराला दोन वर्षांपूर्वी प्रार्थनेला पुढं उभं केलेलं असतं.

अशा मुलाला ट्रॅकवर ओठ हलवायला लावलं, तर भूमिका त्याला मिळते, हे खरं. पण “तू फक्त ओठ हलव” या वाक्याचा अर्थ त्याला बरोबर कळतो. तुझा आवाज नको. हे त्याला आपण नेमकं त्या वर्षी सांगतो, ज्या वर्षी त्याचा त्यालाच तो परका वाटत असतो. पुढं मोठेपणी “मला गाता येत नाही हो” म्हणणारे जे असंख्य पुरुष आपल्याला भेटतात, भजनातसुद्धा मागं बसून नुसत्या टाळ्या वाजवणारे, त्यातल्या किती जणांचं गाणं आठवी-नववीत थांबलं असेल याचा विचार करा.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे : शाळेच्या संगीत नाटकात गाणं मुलांच्या गळ्यातूनच आलं पाहिजे, आणि ते येण्यासारखं आधी रचलं पाहिजे. ट्रॅकचं गाणं पोरांना झेपत नाही, कारण ते गाण्याच्या तयारीच्या बाईसाठी काळी चारमध्ये, दीड-दोन सप्तकांत बांधलेलं असतं. दोष पोरांचा नाही, मापाचा आहे. दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवून आणायचा आणि बसत नाही म्हणून पोराला खाली बसवायचं, असला हा प्रकार.

माप कसं घ्यायचं? पेटी बंद ठेवायची. मुलांना त्यांच्या पाठातलं एखादं गाणं, आरती, पाळणा, काहीही, एकेकट्यानं नव्हे तर चार-चारच्या घोळक्यानं म्हणायला सांगायचं. मुलं आपोआप ज्या सुरावर सुरुवात करतात तो पेटीवर शोधायचा. दोन-तीन घोळके झाले की अंदाज येतो. तिथंच सा ठेवायचा, काळी की पांढरी याची लाज बाळगायची नाही. वादकाला अवघड पट्टी आली तर वादकानं सराव करावा, त्याचा आवाज काही फुटत नाहीये. ज्या मुलांचा आवाज पूर्ण उतरला आहे ती तीच चाल खालच्या सप्तकात म्हणतात, काही बिघडत नाही, उलट समूहाला वजन येतं. आणि चाल अशी निवडायची की ती पाच-सहा सुरांत फिरते. जात्यावरची ओवी घ्या, पाळणा घ्या. या चाली गवयांनी नाही केल्या, दमलेल्या बायकांनी पहाटे केल्या. त्या कुणालाही झेपतात.

आता मधल्या अवस्थेतला पोरगा, ज्याचा आवाज फाटतोय, त्याचं काय? त्याच्यासाठी आपल्याकडं पोवाडा आहे! कोल्हापुरात शाहीर पिराजीराव सरनाईकांसारखे शाहीर होऊन गेले, त्यामुळं पोवाडा काय असतो हे इथं सांगायला नको. पण त्याची रचना या दृष्टीनं बघा. शाहीर अर्धं बोलतो, अर्धं गातो. कथेचा जोर शब्दावर असतो. मागं झीलकरी धृपद उचलतात. डफ, तुणतुणं, झांज. फाटणारा आवाज इथं लपवावा लागत नाही, तो शोभतो. एरवी ज्याला मागं ढकललं असतं तो पोरगा शाहीर होऊ शकतो. शाहिरानं बोलायचं आणि सूर झीलकऱ्यांनी धरायचा, अशी वाटणी केली की झालं.

इथं एक गोष्ट आपल्या गावापुरती. गडहिंग्लजची पोरं फुटबॉलची. मैदानावर दोन तास ओरडून आलेल्या पोराला लगेच गायला लावू नका. सामन्याच्या दिवशी गाण्याची तालीम नको, हालचालींची घ्या.

गाणं कुणी गायचं हे झालं. गाणं कशाला, हा पुढचा प्रश्न, आणि बहुतेक संहिता इथं मार खातात. नाटक चाललेलं असतं, मध्येच “चला आपण गाणं म्हणूया” असं कुणीतरी म्हणतं, गाणं होतं, आणि नाटक जिथं होतं तिथून पुन्हा सुरू होतं. असलं गाणं काढून टाकलं तर काही फरक पडत नाही. मग ते काढून टाकावं.

गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’ बघा, १८९९ चं. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. पैशाच्या लोभानं बाप कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी लावायला निघतो, ही गोष्ट. त्यात सख्या शारदेला होणाऱ्या नवऱ्याच्या वयावरून चिडवतात. गाणं विनोदी आहे, प्रेक्षक हसतात. पण त्या हसण्यातूनच मुलीला आपलं काय होणार आहे ते कळत जातं. गाणं सुरू होण्याआधीची शारदा आणि नंतरची शारदा वेगळी असते. पुढं ती आईपुढं गयावया करते तेही गाण्यातच, कारण साध्या बोलण्यात ते तिला मांडता येत नाही. शेवटी लग्न मोडतं ते वधू-वर सगोत्र निघाले म्हणून. आजच्या नववीच्या मुलीला हे वाचायला दिलं की ती पहिला प्रश्न हाच विचारते, की सगोत्र नसते तर? देवलांनी हे नाटक लिहिलं तेव्हा बालविवाह रोखणारा कायदा तीस वर्षं दूर होता. तो १९२९ ला आला, आणि योगायोग असा की तो हरबिलास सारडा यांच्या नावानं ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला जातो. अनेकांना वाटतं नाव नाटकावरून पडलं.

‘शारदा’ जशीच्या तशी शाळेत करा, असं आम्ही म्हणत नाही. भाषा लांबची झाली आहे आणि पदं गायकीची झाली आहेत. पण मुलांचं गाण्याचं नाटक म्हणजे परी, राक्षस आणि शेवटी “झाडे लावा” एवढंच असतं, असं वाटत असेल तर हे उदाहरण जवळ ठेवा. परी-राक्षसाला आमचा विरोध नाही. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’पासून मुलांसाठी ती अद्भुत दुनिया उभी केली आणि तिनं पिढ्या घडवल्या. पण पुढं १९८६ मध्ये मोहन आगाशे यांच्या पुढाकारानं पुण्यात ‘ग्रिप्स’ आलं, बर्लिनच्या फोल्कर लुडविग यांच्या नाटकांवरून. ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ नावाचं नाटक आलं. त्यात राक्षस नाही, घरातलीच मोठी माणसं आहेत. गाणी छोटी, तोंडात बसणारी, भांडण जिथं पेटतं तिथं येणारी. एक फरक ध्यानात घ्या, ग्रिप्समध्ये मुलांची कामं मोठे नट करतात. शाळेत मुलंच मुलं होणार. त्यामुळं ग्रिप्सकडून गाण्याची जागा कशी शोधायची ते शिकावं, गाण्याची अवघड पट्टी उचलू नये.

आता हे सगळं एका गोष्टीवर लावून बघू. गोष्ट आपल्याच तालुक्यातली, नेसरीची. प्रतापराव गुजर. हिचं नाटक इथल्या शाळांत बसतंच बसतं, आणि बहुतेक वेळा ते असं असतं : घोडे, तलवारी, एक मोठं रेकॉर्ड केलेलं गाणं, सात जण पडतात, पडदा.

पण गोष्टीत आहे काय ते बघा. १६७३ मध्ये उमराणीला प्रतापरावांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडीत पकडलं आणि शरण आल्यावर सोडून दिलं. खान पुन्हा उलटला. शिवाजी महाराज संतापले. खानाला गाठल्याशिवाय तोंड दाखवू नका, अशा आशयाचा निरोप आल्याची कथा आहे. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी, परंपरा सांगते सहा, खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. साडेतीन महिन्यांनी रायगडावर राज्याभिषेक झाला. प्रतापराव त्याला नव्हते.

यातली नाट्याची जागा तलवारीत नाही. शरण आलेल्याला सोडणं चूक होतं का? रागात आलेल्या पत्राचा अर्थ शब्दशः घ्यायचा का? मागं सैन्य असताना एकट्यानं घोडा का काढला? आणि ते सहा जण का गेले, त्यांना तर कुणी पत्र लिहिलं नव्हतं. चौदा वर्षांच्या पोराला हे प्रश्न अगदी जवळचे असतात. वडील काहीतरी बोलतात, पोरगं ते मनाला लावून घेतं आणि गाडीला किक मारून निघतं, हे आपण बघत नाही का? मुलांना हे बोलू द्या. कुणी म्हणेल प्रतापराव बरोबर, कुणी म्हणेल घाई केली. शूराबद्दल प्रश्न विचारला म्हणून शौर्य कमी होत नाही.

मग गाणी कुठं? उमराणीचा प्रसंग पोवाड्यात घ्या. शाहीर तो आवाज फुटलेला पोरगा. पत्र येतं तिथं गाणं थांबवा. एका मुलानं ते नुसतं वाचावं, पेटीचा एकच सूर धरलेला. सहा स्वार एकेक करून पुढं येतात तिथं गाण्यापेक्षा हलगी. प्रत्येकानं आपल्या बोलीत एक वाक्य बोलायचं, “सरकार, म्या बी येतोय” असलं, आणि त्याचा घोडा हलगीच्या ठेक्यात मिसळायचा. सातवा ठेका पडला की हलगी बंद. लढाई दाखवूच नका. शांतता दहा सेकंद टिकली तर सभागृहातलं पोरगंसुद्धा खोकणार नाही.

आणि मग जातं. सहा घरं, सहा मुली, ओवीची चाल. त्यातलं एखादं घर कानडी बोलणारं असायला काय हरकत आहे? आपल्या वर्गात निम्म्या मुलांच्या आज्या कानडीत पाळणा म्हणतात. घरी विचारून आणायला सांगा, अर्थ मुलांनीच सांगू दे. अशा गटात ज्या मुलीचं मराठी जरा अडखळतं, ती एकदम सगळ्यांना शिकवायला लागते. संकेश्वर इथून किती लांब आहे? आपली गाणी त्या रस्त्यावर कायम ये-जा करत आली आहेत, अण्णासाहेबांच्या चाली कुठून आल्या ते मघाशी सांगितलंच.

वाद्यवृंद म्हणाल तर पेटी, ढोलकी, हलगी, झांज आणि तुणतुणं, पुरे झालं. जोगतिणींच्या हातातलं चौंडकं इथं सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्याचा आवाज नाटकात फार बोलतो. पण ते नुसतं गमतीचं वाद्य म्हणून घेऊ नका. त्यामागं ज्या बायकांची आयुष्यं आहेत त्यांच्यासाठी याच गावात मोठी चळवळ झाली आहे, तेवढं मुलांना सांगून मगच हातात द्या. वादकही मुलांतलेच असू देत आणि ते रंगमंचावरच बसू देत, आत विंगेत नव्हे. म्हणजे गाणाऱ्याला वादक दिसतो, पोरगं शब्द विसरलं तर ढोलकीवाला एक आवर्तन जास्त वाजवतो. ट्रॅक असा थांबत नाही. दोन माइक असतील तर ते समूहापुढं खाली ठेवा, एकेकाच्या तोंडाजवळ फिरवत बसू नका. पावसाळ्यात पत्र्याखाली तालीम होतच नाही, तेव्हा पाठांतर आणि चाली वर्गात उरकून घ्या, उभ्या तालमी दिवाळीनंतर.

राहिले परवानग्यांचे दोन शब्द. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शाळेला सवलत आहे : शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी प्रयोग केला आणि प्रेक्षक शाळेचे, पालक आणि शाळेशी संबंधित लोक एवढेच असले, तर हक्काचा भंग होत नाही. पण तोच प्रयोग स्पर्धेला नेला किंवा तिकीट लावलं की लेखकाची आणि संगीतकाराची परवानगी हवी. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. देवल, किर्लोस्कर यांच्या संहिता केव्हाच मोकळ्या झाल्या आहेत. मतकरी २०२० ला गेले, त्यांच्या नाटकांना परवानगी लागणारच. जात्यावरच्या ओव्यांना कुणी हक्कदार नाही. सार्वजनिक प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते आधी मागवा, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात धावपळ करू नका.

आणि तालमीची वेळ. नूल, हलकर्णी, महागाव, नेसरी, लांबून येणारी मुलं आहेत. चांगलं गाणारी म्हणून निवडलेली मुलं नेहमी गावातलीच निघतात, याचं कारण पुष्कळदा आवाज नसतो, एसटी असते. मधली सुट्टी आणि शनिवारची सकाळ धरून तालमी आखल्या, तर पाचच्या गाडीनं जाणारं पोरगंही समूहात राहतं. आता प्रश्न घेऊया. मागच्या रांगेतल्या बाईंचा हात मघापासून वर आहे.